रस्त्याकडं पाठ असलेलं घर

आमच्या बर्च रिजमध्ये नवख्या माणसाला टोफ्ट्यांचं घर सांगायला फार बोलावं लागत नसे. दुधाची डेअरी ओलांडून पुढं जा, वळणावर डाव्या हाताला पायऱ्या दिसतील, नुसत्याच पायऱ्या, घर नाही. तिथं थांबून हाक मारा. माणसं खाली राहतात.

ही थट्टा नव्हती. लढाईवरून परत आल्यावर हार्लन टोफ्टेनं अर्डिसशी लग्न केलं, बापाकडून रस्त्यालगतचा जमिनीचा तुकडा मागून घेतला आणि विस्कॉन्सिनात त्या वर्षांत निम्म्या तरण्या जोडप्यांनी जे केलं तेच केलं. आधी तळघर खणलं, काँक्रीटच्या भिंती उभ्या केल्या, त्यावर सपाट छप्पर टाकून डांबरी कागद ठोकला आणि नवरा-बायको खाली राहायला गेली. वरचं घर सवडीनं बांधायचं. लोक असा एखादा हिवाळा काढत, फार तर दोन-तीन. टोफ्ट्यांचे आठ झाले.

बाकीच्यांपेक्षा हार्लनचं एक जास्तीचं होतं. भिंती ओतताना काँक्रीट उरलं. फेकून देणं जिवावर आलं, म्हणून पठ्ठ्यानं रस्त्याच्या बाजूला पुढच्या दाराच्या पायऱ्या ओतून टाकल्या. चांगल्या रुंद, कडा गोल घासलेल्या, शेजारी लोखंडी कठडा. चढून वर गेलं की पुढं आभाळ. हार्लनचा त्या पायऱ्यांवर फार जीव. बर्फ पडला की आपलं खालचं दार मोकळं करायच्या आधी तो त्या झाडायचा. एका हॅलोविनला, म्हणजे पोरांच्या खोड्यांच्या रात्री, गावातल्या टारगटांनी कुणाचा तरी संडास रातोरात उचलून आणला आणि वरच्या पायरीला लावून ठेवला, दार बरोबर रस्त्याकडं करून. सकाळी डेअरीला जाणाऱ्या सगळ्या गावानं तो बघितला. हार्लन हसला. अर्डिस हसली नाही.

अर्डिस अंगानं उंच, हाडापेरानं मोठी. खाली छताला पाण्याचे नळ लोंबत होते, त्यांच्याखालून वाकून जायची तिला इतकी सवय झाली की चर्चमध्येसुद्धा दारातून आत येताना ती मान खाली घाली. दुपारी बारा वाजता दिवा लावून बटाटे सोलायचे. खिडक्या होत्या, पण छताला चिकटलेल्या, वीतभर उंचीच्या, बाजूच्या भिंतींत, जमिनीच्या रेषेत. त्यातून तिला जग दिसे ते गुडघ्याखालचं. मोटारींची चाकं, कोंबड्यांचे पाय, लोकांचे जोडे. आम्हा सगळ्यांना ती जोड्यांवरून ओळखे. दारावर थाप पडायच्या आत नावानिशी ‘ये की’ म्हणे आणि नवा माणूस दचके.

हार्लन आळशी नव्हता. पहाटे गाई पिळी, दिवसभर बापाच्या शेतात राबे. पण स्वतःच्या घराचा विषय निघाला की त्याचं एकच उत्तर ठरलेलं: वसंतात बघू. खाली हिवाळ्यात ऊब, उन्हाळ्यात गारवा, वावटळ आली तरी भीती नाही, असं तो सांगे आणि ते खोटंही नव्हतं. वसंत येई, पेरणी येई आणि घर पुन्हा पुढच्या वसंतात जाई.

शेजारची गर्टा क्लाइन या सगळ्याची मालकीण असल्यासारखी बोलायची. तिचं पांढरं दुमजली घर टोफ्ट्यांच्या कुंपणाला लागून, स्वैपाकघराची खिडकी बरोबर त्या पायऱ्यांवर. ‘स्वर्गाच्या पायऱ्या’ हे नाव तिनंच पाडलं. एकदा चर्चच्या जेवणाला सगळ्या बायका भांडी विसळत असताना तिनं अर्डिसला विचारलं की तुमच्याकडं पाऊस आल्याचं वरून कळतं का खालून. बायका खिदळल्या. अर्डिसनं हातातली परात पुसून जागेवर ठेवली आणि घरी गेली. त्या दिवसापासून तिनं गर्टाच्या स्वैपाकघरात पाय ठेवला नाही. आपल्या आईजवळ ती बोलली होती, ज्या दिवशी माझा उंबरा जमिनीवर येईल त्या दिवशी त्या बाईला कॉफीला बोलवीन. तोवर तिचं दार मला बंद. आई पुढं वारली, पण बोललेलं तसंच राहिलं.

आई गेल्यावर अर्डिसला रक्ताचं असं एकच माणूस उरलं, धाकटी बहीण लव्हॉन. ती गावच्या टेलिफोन केंद्रात कामाला. अख्ख्या गावाचे फोन तिच्या हातून जोडले जायचे, त्यामुळं कुणाचं कुणाशी काय चाललंय हे तिला पाद्र्याच्या आधी कळे. जीभ तर अशी की दाढी करून घ्यावी. बावन्नच्या उन्हाळ्यात पोलिओची साथ आली, गावातलं पोहण्याचं तळं बंद झालं, आयांनी पोरं घरात कोंडली आणि तो रोग झाला तो बाविशीतल्या लव्हॉनला. वर्षभर मॅडिसनच्या हॉस्पिटलात होती. हात परत आले, श्वास परत आला, जीभ गेलीच नव्हती. पाय मात्र गेले. आता चाकाची खुर्ची आणि जन्म.

सप्टेंबरात हॉस्पिटलची नर्स घर बघायला आली. अर्डिसला आधी तिचे पांढरे जोडे दिसले. ते काँक्रीटच्या पायऱ्यांपाशी गेले, थांबले, चढले, वर काहीच नाही म्हणून परत उतरले आणि मग कोंबड्यांच्या खुराड्याएवढी जी खोपटी होती, जिच्यातून खाली जिना जायचा, तिथं आले. नर्स उभ्या जिन्यानं कठडा धरून उतरली, चूल बघितली, न्हाणी बघितली, फळ्यांवर मांडलेल्या शेंगांच्या आणि टोमॅटोच्या बरण्यांचं कौतुक केलं. कॉफी संपल्यावर तिनं सांगितलं ते अर्डिस पुढं कधी विसरली नाही.

“तुमचं घर स्वच्छ आहे. माझी तक्रार तुमच्याबद्दल नाही. पण खुर्ची या जिन्यानं खाली आणायला दोन माणसं लागतील, आणि आग लागली तर ती वर न्यायला कुणी नसेल.”

दार जमिनीच्या पातळीवर पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. हॉस्पिटलातली खाट बर्फ पडायच्या आत रिकामी करायची होती. तोवर असं घर झालं तर लव्हॉन बहिणीकडं, नाही झालं तर जिल्ह्याच्या आश्रमघरात. तिथं निराधार म्हातारी माणसं राहत. दुसरी सोय नव्हती.

त्या दिवशी जेवताना अर्डिसनं हे हार्लनला सांगितलं. हार्लननं काटा खाली ठेवला आणि त्याच्या तोंडातून सवयीनं तेच आलं, वसंतात बघू.

“वसंतात लव्हॉन म्हाताऱ्यांच्या रांगंत बसून लापशी खात आसंल,” अर्डिस म्हणाली. “ह्या बाबतीत वसंताचं नाव काढायचं न्हाय, हार्लन. हिकडं बघ. न्हाय म्हंजे न्हाय.”

नवं घर बर्फाच्या आत उभं राहणं शक्यच नव्हतं. पण उभं असलेलं घर आणता येणार होतं. एल्म कोपऱ्यावरची एका खोलीची शाळा त्याच वर्षी बंद झाली होती. पोरं आता बसमध्ये बसून तालुक्याला जात. इमारत रिकामी होती आणि जो उचलून नेईल त्याला देऊन टाकायचं शाळेच्या पंचांनी ठरवलं होतं. अर्डिस चर्चचा कोट घालून त्यांच्या सभेला गेली. तिथं आधीच एकानं डुकरांच्या गोठ्यासाठी ती मागितली होती. पंच चुळबुळले, त्यानं आधी विचारलं म्हणाले. अर्डिस शांतपणे म्हणाली की माझी बहीण त्या शाळेत अक्षरं शिकली. डुकरांना द्यायची तर द्या, पण हे तिला फोनवर तुम्हीच सांगा. लव्हॉननं प्रत्येकाचे किती फोन जोडले होते हे प्रत्येकाला आठवत होतं. शाळा अर्डिसला मिळाली.

घरं हलवणारा आमच्याकडं एकच, निल्स ब्रेक्के. म्हातारा, नॉर्वेचा, दिवसाला जेवढे शब्द खर्चायचे तेवढे पहाटेच मोजून घेतल्यासारखा. त्यानं शाळा मापली, तळघर मापलं आणि बसतंय म्हणाला. शाळा लांबट होती. दार एका टोकाला, त्याच्यावर घंटेचा छोटा मनोरा. दोन्ही बाजूंना उंच उंच खिडक्या. दुसरं टोक बंद भिंतीचं, आतून तिथं फळा. तळघरावर ती दोनच तऱ्हांनी बसणार होती, दार रस्त्याकडं किंवा दार मागच्या चढाकडं.

रस्त्याकडं, यात कुणाला शंका नव्हती. घराचं तोंड रस्त्याकडं असतं. आणि पायऱ्या तर आठ वर्षांपासून वाट बघत उभ्या होत्या. हार्लननं त्या घासून धुतल्या, कठड्याला रंग दिला. अर्डिस मात्र सकाळी उठून तळघराला एक फेरा मारून आली. रस्त्याच्या बाजूला भिंत जमिनीवर छातीएवढी उघडी होती, म्हणून तर पायऱ्या. मागं टेकडीची माती चढत आली होती आणि भिंतीच्या माथ्याला बरोबर टेकली होती. ट्रॅक्टरची वाटही बाजूनं वळून तिथवर येत होती. दार मागं आलं तर गाडीतून उतरून खुर्ची सरळ घरात. एक पायरी नाही.

तिनं हार्लनला सांगितलं. त्याला आधी थट्टा वाटली.

“रस्त्याकडं पाठ करून कुनी घर बसवतं व्हय? येनारे-जानारे म्हनतील टोफ्ट्याच्या घरानं गावाकडं ढुंगन केलंय.”

“म्हनू देत की. लव्हॉनला दार पायजे. गावाला पायजे तोंड. गावाचं मी काय करू?”

हार्लन अडून बसला. आठ वर्षं लोकांनी त्याला बिळातली घूस म्हटलं होतं, त्यानं ते हसून गिळलं होतं, ते याच आशेवर की एक दिवस आपण त्या पायऱ्यांवरून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आपल्या दारातून आत जाऊ. हे तो बोलला नाही. तो म्हणाला पायऱ्यांवर फळ्या टाकू, उतार होईल. अर्डिसनं वाद घातला नाही. तिनं दोन फळ्या आणल्या, पायऱ्यांवर टाकल्या, शेण वाहायची एकचाकी गाडी आणली आणि नवऱ्याला म्हणाली, बस.

पोस्टमननं गाडी थांबवली. गर्टाच्या खिडकीतला पडदा सरकला. हार्लन गाडीत बसला, पाय बाहेर, मांडीवर टोपी. अर्डिसनं कंबर कसून ढकललं. गाडी तीन पायऱ्यांएवढी वर गेली, तिथं चाक अडलं, फळी सरकली आणि हार्लन गाडीसकट रस्त्याच्या चरात. चरात आदल्या दिवशीचं पाणी होतं. फळ्या लांब टाकायच्या तर उतार थेट मोटारींच्या चाकाखाली जात होता.

अर्डिस वर उभी राहून म्हणाली, “आन् हे कोरड्या फळीवर. जानेवारीत त्यावर बर्फ धर. तू लव्हॉन हायेस आसं धर.”

हार्लन ओल्या विजारीनं उठला. मग मागच्या भिंतीत आपण नवं दार पाडू म्हणाला, ते काय अवघड. हे मात्र अर्डिसला लागलं. तिनं बोटांवर मोजून दाखवलं: स्वैपाकघराची कपाटं, जिन्याचा दिवा, न्हाणीचं दार. आठ वर्षांत पाडतो, लावतो, बसवतो म्हटलेलं एकेक. तुझ्या हाताला कला आहे, पण तुझ्या हाताला वसंत लागतो, असं म्हणून ती निल्सकडं गेली. त्याला वाटेतच गाठून सांगितलं की दार चढाकडं. निल्सनं मान हलवली. अर्डिस समाधानानं घरी आली.

चूक झाली ती तिथं. नॉर्वेची म्हातारी माणसं मान हलवतात ते ‘ऐकलं’ एवढं सांगायला. ‘हो’ म्हणायचं असेल तर ते तोंडानं म्हणतात, आणि तेही आत श्वास ओढून. अर्डिसचा स्वतःचा आजा नॉर्वेचा, तिला हे पाळण्यातच कळायला हवं होतं. पण माणसाला हवं असलेलं उत्तर मिळालं की तो आज्याला विसरतो.

मका काढून झाला आणि शाळा हलवायचा दिवस ठरला. दोन दिवस आधी हार्लननं भावाला मदतीला घेऊन तळघराचं सपाट छप्पर उखडलं. आठ वर्षांनी आत ऊन आलं. बरण्यांवर पडलं, चुलीवर पडलं, भिंतीवरच्या ओलीच्या डागांवर पडलं. अर्डिस मधोमध सरळ ताठ उभी राहिली. डोक्यावर नळसुद्धा नव्हता. आता मागं जायला छप्परच नव्हतं. रात्री ती दोघं गोठ्यात गाईंशेजारी निजली.

शाळा हलवायच्या दिवशी सकाळपासून चर्चच्या बायका आमच्या अंगणांत बटाट्याचे आणि मटणाचे डबे घेऊन उभ्या. टेलिफोनची आणि विजेची माणसं दुबेळक्याच्या लांब काठ्यांनी तारा वर उचलून धरत होती. मनोरा तारांना अडेल म्हणून उतरवला होता आणि त्यातली घंटा निल्सच्या ट्रकमध्ये ठेवली होती. मग टेकडीवरून शाळा आली. माणसाच्या चालीनं, डुलत, उंच खिडक्यांच्या काचांत सगळं आभाळ घेऊन. ज्या इमारतीकडं आम्ही लहानपणी रडत चालत गेलो ती आता आमच्याकडं चालत येत होती. काही बायकांनी डोळे पुसले.

अर्डिस बघत होती दाराकडं. दार मागल्या टोकाला होतं, ट्रकच्या बाजूला बंद भिंत. तिनं मनातल्या मनात घर पुढं सरकवलं: ट्रक रस्त्यावरून तळघराच्या पलीकडं, चढाकडं जाणार, तुळयांवरून शाळा ओढून घेणार, आणि दार राहणार रस्त्याकडं. पायऱ्यांवर, बरोबर.

ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. निल्सनं ब्रेक लावला. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“फिरवा,” ती म्हणाली. “मी सांगितलं हुतं दार चढाकडं. तुमी मान हलवलीत.”

“ऐकलं म्हनून हलवली. व्हय कुठं म्हनलो?” निल्स म्हणाला, आणि थोड्या वेळानं आणखी शब्द खर्च केले. “जन्मात उलटं घर न्हाय बसवलं, बाई. घरवाला पन काय बोलला न्हाय.”

अर्डिसनं हार्लनकडं बघितलं. हार्लन आपल्या जोड्यांकडं बघत होता. कालच निल्सनं त्याला विचारलं होतं, नेहमीसारखंच ना, आणि तो गप्प बसला होता. अर्डिस परत निल्सकडं वळली. तिनं निल्सला एवढंच विचारलं की फिरवायला काय लागेल. निल्सनं हनुवटीनं दाखवलं. एवढं धूड वळवायला मोकळं रान लागेल. इथं असं एकच, शेजारचं. क्लाइनांचं, त्यात नुकतंच उगवलेलं गव्हासारखं हिवाळी धान्य, राय. आणि लवकर, कारण तारा धरून माणसांचे हात भरून आले होते, आणि आभाळाला बर्फाचा वास येत होता.

आम्ही सगळे बघत होतो. अर्डिसनं कुंपणाची तार खाली दाबली, तंगडी टाकली, आणि रायीच्या कडेनं चालत गर्टा क्लाइनच्या दाराशी गेली. चिखलाचे जोडे तिनं काढले नाहीत, कारण त्याला वेळ नव्हता. वारलेल्या आईला दिलेला शब्द तिनं त्या पायपुसण्यावर पुसला आणि आत गेली.

आत काय झालं ते दोघींनीही पुढं सांगितलं, आणि नवल म्हणजे दोघींचं जुळलं. गर्टा सफरचंदं सोलत होती. तिनं वर बघितलं नाही. तिला सगळं ठाऊक होतं. आमच्या रस्त्यावर पाच घरांत टेलिफोनची एकच तार होती, आणि अर्डिस हॉस्पिटलात बहिणीशी बोलायला लागली की गर्टाकडचा फोन हळूच उचलला जाई. आश्रमघराचं नाव निघाल्यावर लव्हॉन काय बोलली होती, हेही गर्टानं ऐकलं होतं. अर्डिसनं उभ्या उभ्या सांगितलं की शाळा तुमच्या रायीतून फिरवायची आहे, पीक तुडवलं जाईल.

“आन् मला काय?” गर्टानं विचारलं.

अर्डिस म्हणाली काय पाहिजे ते सांग.

गर्टानं सुरी खाली ठेवली. “घंटा. माझा ओटो बहिरा हाय. जेवायला हाका मारून घसा फाटला माझा.”

ती घंटा लव्हॉननं मागितली होती. शाळेत असताना ती वाजवायचा मान तिचा होता, आणि गेल्या आठवड्यात फोनवर तिनं दोनदा विचारलं होतं, घंटा पण येणार ना गं? अर्डिसनं हो म्हटलं होतं.

“ने,” अर्डिस म्हणाली.

गर्टाचा जरा हिरमोडच झाला. एवढा मोठा सौदा एका शब्दात मिटला, ओढाताणीला जागाच नाही. तिनं ओटोचे रबरी जोडे पायांत घातले, पक्कड घेतली, आणि आपल्या हातानं कुंपणाच्या तारा तोडायला बाहेर आली. शाळा रायीत शिरली. चाकं रुतली, निल्सनं फळ्या टाकल्या, साखळ्या कुरकुरल्या. भला मोठा वळसा घेत इमारतीनं गावाकडं पाठ फिरवली. गर्टा कमरेवर हात ठेवून उभी होती. एवढं पीक तुडवलंस, आता तरी वर येऊन राहा, असं ती अर्डिसला म्हणाली. तिच्या तोंडून निघालेलं ते आम्ही ऐकलेलं पहिलं गोड वाक्य.

तोवर हार्लन पायऱ्यांवर बसून होता. शाळा चढाच्या बाजूनं तळघरावर सरकायला लागली, तसा तो उठला. त्यानं कोट काढून कठड्यावर टाकला आणि जॅक घेऊन भिंतीपाशी गेला. घर टेकायच्या बेतात असताना त्याचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा:

“निल्स, दार वाईच अलीकडं घ्या. खुर्ची वळायला जागा पायजे.”

निल्सनं श्वास आत ओढून ‘व्हय’ म्हटलं. घर बसलं. रस्त्याकडं बंद भिंत आली, आणि हार्लनच्या पायऱ्या त्या भिंतीला जाऊन टेकल्या.

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आधल्या आठवड्यात, पहिला बर्फ भुरभुरत असताना, हॉस्पिटलची गाडी ट्रॅक्टरच्या वाटेनं वर आली. घसरू नये म्हणून हार्लननं वाटेवर चुलीतली राख पसरली होती, दारापर्यंत, जाडजूड. तीच नर्स, तेच पांढरे जोडे. पण या वेळी अर्डिसनं तिला डोक्यापासून बघितलं, उंच खिडकीतून, सरळ उभं राहून.

लव्हॉनला खुर्चीत बसवलं. निम्मी झाली होती. हार्लन मागं धरायला गेला.

“हात लावू नगंस,” लव्हॉन म्हणाली. “वर्सभर मला भाजीच्या टोपलीगत हिकडून तिकडं ठेवलंय. हे दार माझं मी बघते.”

राखेवरून तिनं चाकं ओढली. उंबऱ्याला लाकडाची बोटभर पट्टी होती, तिला पुढचं चाक अडलं. नर्सनं हात पुढं केला, हार्लननं केला. अर्डिसनं नवऱ्याचं मनगट धरून ठेवलं. लव्हॉन मागं सरकली, दम घेतला, पुन्हा आली. चाक पट्टीवरून टुणकन उडालं आणि ती आत.

खोलीत तिनं चहूकडं नजर फिरवली. खिडक्या, चूल, फळा, त्यावर अर्डिसनं खडूनं लिहिलेली वाणसामानाची यादी. मग विचारलं, बाई मला उभी करायच्या तो कोपरा कुठला गं?

“तितंच तुझी खाट टाकलीया,” अर्डिस म्हणाली.

नर्सनं हातमोजे काढले आणि कॉफी मागितली, घर पसंत पडल्याचं तेवढंच तिचं उत्तर. तेवढ्यात शेजारून घंटा वाजली. गर्टा ओटोला जेवायला बोलवत होती. लव्हॉननं मान वळवली. तो आवाज तिला झोपेतही ओळखू आला असता. अर्डिसनं काहीही न लपवता सांगून टाकलं, कशाला दिली ते.

लव्हॉन घंटा थांबेपर्यंत ऐकत राहिली.

“घंटा तिला आन् दार मला,” ती म्हणाली. “सौदा वाईट न्हाय. वाजवती मातुर ढोरावानी. शिकवावं लागंल.”

पुढच्या वसंतात हार्लननं फळ्याच्या भिंतीत, पायऱ्यांच्या बरोबर डोक्यावर, मोठी खिडकी पाडली. वसंतात पाडतो म्हणाला होता, आणि पाडली. अर्डिसनं कौतुक केलं नाही, पण त्या दिवशी सफरचंदांचा ‘पाय’ नावाचा गोड पदार्थ भाजला. लव्हॉनची खुर्ची त्या खिडकीशी आली. बहिणीनं जगाचे नुसते जोडे बघितले होते, ही आता टोप्यांपासून जोड्यांपर्यंत सगळं बघायची आणि प्रत्येकावर काही ना काही बोलायची. पोस्टमन पायऱ्या चढून टपाल खिडकीतून हातात देऊ लागला. पोरं वरच्या पायरीवर बसून तिच्याकडून गणितं सोडवून घेऊ लागली. आठ वर्षं रिकाम्या उभ्या असलेल्या त्या पायऱ्यांवर आता कुणी ना कुणी असेच. हार्लन गोठ्यातून येता-जाता बघे आणि कुणाला दिसू नये म्हणून टोपी पुढं ओढी.

एका सकाळी गर्टा क्लाइन आली. अर्डिसनं बोलावलं होतं, कॉफीला, तिच्या नावानं आणि चर्चमध्ये चारचौघींत. चांगला झगा घालून, हातात केकचं ताट घेऊन ती पायऱ्या चढली आणि काचेवर टकटक केलं. लव्हॉननं खिडकी वर सरकवली.

“बोला, क्लाइनबाई.”

“दार उघड की गं. ताट जड हाय.”

“दार मागं हाय,” लव्हॉन म्हणाली. “फिरून या. वाट ठाव हाय तुमाला, तुमच्याच रायीतनं जाती.”

 गर्टा ताट सावरत पायऱ्या उतरली आणि घराला वळसा घालून चढाकडं निघाली. तिथं अर्डिस उंबऱ्याच्या आत उभी होती, मान ताठ, दार सताड उघडं धरून.